गारगोटी, मीठ, नवसागर

पनवेल सोडल्यावर रोह्याची गाडी सोमाटण्याला क्षणभर टेकते आणि मग येतं रसायनी. देवांची, राजांची, झाडांची नावं लावणारी स्थानकं आपल्याकडे उदंड आहेत. याच मार्गावरचं पुढचं स्थानकच आपटा आहे. पण एखाद्या शास्त्राचं नाव पाटीवर मिरवणारं दुसरं स्थानक शोधून सापडायचं नाही. आपट्यानंतर जिते, हमरापूर, पेण, मग कासू आणि पुढे नागोठणे, निडी, रोहे. कासूला गाडी थांबते, चार-दोन माणसं चढतात-उतरतात. पावसाळ्यात खिडकीबाहेर हिरवीगार भातखाचरं, उन्हाळ्यात तीच खाचरं भेगाळलेली.

रसायनीला हे नाव कारखान्यांनी दिलं. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही केंद्र सरकारची कंपनी डिसेंबर १९६० मध्ये स्थापन झाली आणि पाताळगंगेच्या काठी तिचे नायट्रोबेंझीन, ॲनिलीनचे कारखाने उभे राहिले. पुढे पेणहून एक रुळाचा फाटा थळकडे वळतो तो प्रवाशांसाठी नाही, युरियासाठी. कासूनंतर लगेच नागोठणं, तिथे उरणहून नळाने येणाऱ्या वायूवर चालणारा पेट्रोरसायनांचा अवाढव्य प्रकल्प. शेवटी रोहे, आणि रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत. रसायनांच्या या माळेत कासू म्हणजे मधला रिकामा मणी. तिथे अजून भात पिकतं.

तरीही एका अतिशय आडवळणाच्या रसायनाची गोष्ट सांगायची तर ती कासूपासून सुरू करायला हरकत नाही. सिलिकॉन, त्याला चिकटलेले क्लोरीन किंवा फ्लोरीनसारखे हॅलोजन, आणि वर पाहुणा म्हणून येऊन बसलेला नायट्रोजन, अशी या संयुगांची घडण. रसायनशास्त्रज्ञ त्यांना सिलिकॉन हॅलाइडांची जटिल संयुगं म्हणतात. नाव ऐकून कोणालाही वाटावं की हा परदेशातल्या काचेच्या नळ्यांतला मामला. पण यातले तिन्ही घटक या पट्ट्यातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळले आहेत, फक्त वेगळ्या नावांनी. सिलिकॉन म्हणजे गारगोटी. हॅलोजन म्हणजे मीठ. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थच ‘मीठ जन्माला घालणारा’ असा होतो. आणि नायट्रोजनाचं सगळ्यात ओळखीचं रूप अमोनिया, तो आपल्या घरात आला नवसागराच्या पुडीतून.

आधी गारगोटी. सह्याद्रीच्या काळ्या दगडात जवळजवळ निम्मा भाग सिलिका असतो. त्या दगडाच्या पोकळ्यांत जे पांढरे, चकाकणारे खडे सापडतात आणि पोरं ज्यांच्या ठिणग्या पाडतात, ती गारगोटी तर निव्वळ सिलिका. तरी कासूच्या शिवारात सिलिकॉनवर खरी मेहनत घेतो तो दगड नव्हे, भाताचं रोप. मातीतल्या पाण्यात विरघळलेलं सिलिसिक आम्ल हे रोप मुळांनी शोषून घेतं आणि पानांत, विशेषतः दाण्यावरच्या तुसात, नेऊन साठवतं. तूस जाळलं तर सुमारे पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत दहातले नऊ भाग तरी सिलिका असते. म्हणूनच तुसाला गुरं तोंड लावत नाहीत, ते लवकर कुजतही नाही. जुन्या घरांत तुसाची राखुंडी करून दात घासायचे, त्याच राखेने भांडी लखलखीत निघायची. ती खरखर सिलिकाची होती. टूथपेस्टच्या नळीतही आज सिलिकाच असते, फक्त पांढरी आणि पुदिन्याच्या वासाची.

पेणचा दुसरा सिलिकॉन गणपतीत आहे. शाडू ही चिकणमाती. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या कागदासारख्या पातळ थरांची बनलेली. थरांमध्ये पाणी शिरलं की ती बोटांखाली घसरते, म्हणून हवा तसा आकार घेते. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत हा शाडू गुजरातेतून येतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र कॅल्शियम आणि गंधकाची. तिच्यात सिलिकॉनचा जवळपास पत्ता नाही. शाडू की प्लास्टर या दर भाद्रपदात पेटणाऱ्या वादात हा मुद्दा कोणी काढत नाही. काढून उपयोगही नाही म्हणा.

आता मीठ. पेणच्या पश्चिमेला धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेला सखल मुलूख म्हणजे खारेपाट. भरतीचं पाणी अडवायला बांध घालायचे, आतल्या जमिनीवर पावसाच्या पाण्याने खार धुवून काढायचा आणि भात लावायचं. जिथे खारं पाणीच हवं तिथे ते आत घेऊन मीठ पिकवायचं. एकाच खाडीच्या काठावर दोन उलट्या शेती. बांध घालून जमीन लागवडीला आणणाऱ्याला जे हक्क मिळत त्यातून ‘शिलोत्री’ नावाची जमीनधारणेची खास पद्धत इथे रुजली आणि ब्रिटिशांच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरातही ती नोंदली गेली. आगर म्हणजे मिठाचं शेत, आणि आगर राखणारा तो आगरी. एका अख्ख्या समाजाचं नाव अशा रीतीने सोडियम क्लोराइडशी जोडलेलं आहे.

मिठाचं तंत्र दिसायला सोपं, करायला कठीण. उधाणाचं पाणी बाहेरच्या मोठ्या कोंडीत घ्यायचं, उन्हाने आटवत आटवत आतल्या छोट्या खाचरांत सरकवत न्यायचं. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात; आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसतात, पाण्याची घनता ‘बोमे’ मापाने २५ अंशांच्या आसपास गेली की मीठ धरायला लागतं. वेळेवर थांबलं नाही तर उरलेलं मॅग्नेशियमचं कडवट पाणी मिठात शिरतं आणि माल बिघडतो. मोजायला यंत्र नसताना आगरी माणूस हे पाण्याच्या रंगावरून आणि चवीवरून ठरवत असे. पाऊस कोसळला की हंगाम संपला.

मिठाला राजकारणही चिकटलेलं. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारं स्वस्त मीठ आपल्या मुलखात खपतं आणि संगमेश्वरकडचं मीठ पडून राहतं, तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्यातला हुकूम. देशी मालाला संरक्षण देणारा इतका रोखठोक दस्तऐवज सतराव्या शतकातला, आणि तो कशाबद्दल, तर एका हॅलाइडबद्दल.

तिसरा घटक नवसागर. पितळी भांड्यांचा जमाना ज्यांनी पाहिला त्यांना कल्हईवाला आठवत असेल. भाता मारून भांडं लालसर तापवायचं, त्यात नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सरकन फिरवायची. त्याच क्षणी पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि नाकात झिणझिण्या येत. तो धूर अमोनियम क्लोराइडचा, म्हणजेच नवसागराचा. तापल्यावर नवसागर फुटतो, अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वेगळे होतात. आम्ल तांब्यावरचा मळ खातं, आणि उरलेले दोघे हवेत थंड होताच पुन्हा गळ्यात गळे घालून पांढरा धूर होतात. संस्कृत रसग्रंथांत हा नवसार, फारसीत नौशादर. युरोपात त्याला इजिप्तच्या आमोन देवावरून नाव पडलं आणि त्यातून ‘अमोनिया’ हा शब्द जन्मला.

कासूपासून फार दूर नाही अशा थळला हाच अमोनिया टनांच्या हिशेबात तयार होतो. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम-रिगने बॉम्बे हायला तेल शोधलं, तेलाबरोबर वायू आला आणि त्या वायूवर खत करायचं ठरलं. जागा ठरली थळ-वायशेत. मुंबईच्या इतक्या जवळ नवा मोठा प्रकल्प नको म्हणून पर्यावरणवाद्यांनी आवाज उठवला, तंत्रज्ञान कोणत्या परदेशी कंपनीचं घ्यायचं यावरून संसदेत आणि वर्तमानपत्रांत वादळ झालं, आधी ठरलेली अमेरिकन कंपनी मागे पडली आणि डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीचं तंत्र आलं. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा हा कारखाना १९८०च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला: अमोनियाचे दोन संच, दररोज प्रत्येकी १,३५० टनांचे, आणि युरियाचे तीन, प्रत्येकी १,५०० टनांचे. ‘उज्ज्वला’ युरियाची पोती पेणमार्गे रुळांवरून देशभर जाऊ लागली. खारेपाटात मीठ होतंच, गार होतीच. आता नायट्रोजनही आला.

या तिघांपैकी सिलिकॉन आणि हॅलोजन या दोघांची गाठ मात्र स्वीडनमध्ये पडली, आणि तीही अपघाताने. कार्ल शील हा औषधविक्याच्या दुकानातला माणूस. १७७१ मध्ये त्याने फ्लोरस्पार नावाचा खनिज दगड गंधकाम्लाबरोबर काचेच्या भांड्यात तापवला. भांड्याची काच आतून कुरतडली गेली आणि जो वायू निघाला तो पाण्यात शिरताच पाण्यावर पांढरी साय धरली. शीलला ते कोडं नीट सुटलं नाही. झालं होतं ते असं: फ्लोरीनचं आम्ल काचेतली सिलिका खाऊन सिलिकॉन टेट्राफ्लोराइड नावाचा वायू बनलं होतं आणि पाणी लागताच त्यातली सिलिका परत बाहेर पडली होती. याच शीलने तीन वर्षांनी, १७७४ मध्ये, क्लोरीनही वेगळा काढला. दोन हॅलोजनांच्या इतिहासात पहिल्या पानावर नाव असलेला दुसरा माणूस सापडणं कठीण.

१८१२ मध्ये इंग्लंडात जॉन डेव्ही या तरुणाने सिलिकॉन टेट्राफ्लोराइडचा वायू आणि अमोनिया पाऱ्यावरच्या नळीत एकत्र सोडले. (विजेच्या जोरावर सोडियम-पोटॅशियम वेगळे काढणाऱ्या हम्फ्री डेव्हीचा हा धाकटा भाऊ, थोरल्याच्या सावलीत तो कायमचा झाकला गेला.) दोन्ही वायू नाहीसे झाले आणि नळीत पांढरी पूड उरली. डेव्हीने मोजमाप घेतलं: एक माप सिलिकॉनच्या वायूला बरोबर दोन मापं अमोनिया. ना कमी, ना जास्त. सिलिकॉन हे मूलद्रव्य अजून कोणी वेगळं काढून पाहिलंही नव्हतं. ते काम बर्झेलियसने १८२३-२४च्या सुमारास केलं आणि त्याच ओघात सिलिकॉनवर क्लोरीन सोडून सिलिकॉन टेट्राक्लोराइडही बनवलं. म्हणजे सिलिकॉन माहीत होण्याआधीच त्याचं नायट्रोजनाशी जमलेलं सोयरं बाटलीत भरून ठेवलेलं होतं.

पण ते दोन अमोनिया तिथे बसतात कसे? रसायनाच्या क्रमिक पुस्तकात सिलिकॉनला चार हात. चारही हातांनी फ्लोरीन धरले की हिशेब पुरा. इथे कोकणातलं घर डोळ्यासमोर आणावं. घरातल्या चार खोल्या भरलेल्या आहेत, तरी ओटी आणि पडवी मोकळी असते. फ्लोरीन किंवा क्लोरीन हे इलेक्ट्रॉनांचे हावरट. ते सिलिकॉनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, सिलिकॉन उपाशी राहतो. नायट्रोजनाकडे इलेक्ट्रॉनांची एक जोडी सुटी असते. तो ती घेऊन ओटीवर येतो, दुसरा पडवीत बसतो, आणि सिलिकॉनभोवती चारऐवजी सहा शेजारी होतात. कार्बनला हे जमत नाही. त्याचं घर लहान, ओटीच नाही. म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड अमोनियाजवळ थंड बसून राहतं आणि सिलिकॉन टेट्राक्लोराइड भडकून उठतं. सहा शेजाऱ्यांची ही कल्पना मांडायला आल्फ्रेड व्हेर्नरला १८९३ साल उजाडलं. डेव्हीच्या त्या पांढऱ्या पुडीतले अणू नेमके कुठे बसले आहेत हे क्ष-किरणांनी दाखवलं ते तर १९९६ मध्ये, प्लित्स्को आणि मायर या दोघांनी जर्मनीत. एका पुडीला आपली जन्मपत्रिका मिळायला १८४ वर्षं लागली.

फ्लोराइडचं सोयरं टिकतं, क्लोराइडचं टिकत नाही. सिलिकॉन आणि फ्लोरीनची पकड घट्ट, सिलिकॉन आणि क्लोरीनची सैल. त्यामुळे सिलिकॉन टेट्राक्लोराइडवर अमोनिया सोडला की पाहुणा ओटीवर थांबत नाही, घरात घुसतो. क्लोरीन एकेक करून बाहेर पडतो, बाहेर उभ्या असलेल्या अमोनियाशी हात मिळवतो आणि त्याचा होतो नवसागर. एका सिलिकॉनमागे नवसागराचे चार रेणू. आत उरतो सिलिकॉन आणि नायट्रोजनाचा पांढरा गाळ; तो खूप तापवला की सिलिकॉन नायट्राइड मिळतं. बेअरिंगच्या गोळ्यांना आणि कापायच्या हत्यारांना लागणारं ते कठीण सिरॅमिक. पहिल्या महायुद्धात हीच अभिक्रिया उघड्यावर केली जात असे. एका नळीतून सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ, दुसऱ्या नळीतून अमोनिया, आणि समोर पांढऱ्या धुराची भिंत, जिच्याआड जहाजं लपावीत. कल्हईवाल्याचा धूर युद्धनौकांवर चढला होता. फक्त त्यात गारेची पूड मिसळली होती.

टिकणारं क्लोराइडचं सोयरं हवं असेल तर नायट्रोजन असा हवा की ज्याला झटकायला हायड्रोजन नाही. असा नायट्रोजन पिरिडीनमध्ये असतो. आर्थर हार्डन हा मँचेस्टरचा विशीतला तरुण १८८७ मध्ये सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि ॲनिलीनच्या घराण्यातले नायट्रोजनवाले पदार्थ यांच्या मागे लागला होता. पिरिडीनचं संयुगही त्याच्याच कामात येतं. एका सिलिकॉनला दोन पिरिडीन, पुन्हा तेच प्रमाण. पुढे तो हा सगळा पसारा सोडून यीस्टकडे वळला आणि साखर आंबते कशी याच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल घेऊन बसला. सिलिकॉनच्या पांढऱ्या पुडीत कोणाला नोबेल दिसलं नाही. ती पूड १९६० च्या दशकात पुन्हा उघडली गेली, तेव्हा अवरक्त किरणांनी आणि स्फटिकांच्या अभ्यासाने दिसलं की चार क्लोरीन एका पातळीत आहेत आणि दोन पिरिडीन समोरासमोर, एक वर, एक खाली.

हार्डनचं ॲनिलीन म्हणजे रसायनीला बनायचं तेच ॲनिलीन. त्या कारखान्याचं पुढे काय झालं हेही इथेच सांगायला हवं. आयातीशी स्पर्धा जमेना, तोटा साचत गेला आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने तिथले बहुतेक कारखाने बंद करायचं ठरवलं. वगळला तो एकच विभाग, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. तो इस्रोकडे द्यायचं ठरलं, कारण रॉकेटमध्ये इंधन जाळायला ते रसायन लागतं. पाताळगंगेचा नायट्रोजन आभाळात गेला. स्थानकाची पाटी तशीच आहे.

महाराष्ट्रात सिलिकॉन हॅलाइडाशी गाठ सगळ्यात आधी कुठे पडली असेल तर ती बहुधा खताच्या कारखान्यात, आणि तिथेही न बोलावता. १९१९ मध्ये धरमसी मोरारजी केमिकल कंपनी स्थापन झाली आणि अंबरनाथला गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट बनू लागलं. सुपरफॉस्फेट म्हणजे फॉस्फेटचा दगड आणि गंधकाम्ल यांची खिचडी. त्या दगडात तीन ते चार टक्के फ्लोरीन असतो आणि थोडी गारही. दोघं आम्लात सापडली की शीलच्या भांड्यातलं नाटक पुन्हा रंगतं, या वेळी टनांनी. धुराड्यातून सिलिकॉन टेट्राफ्लोराइड निघतं. ते तसंच सोडलं तर आसपासची झाडं करपतात, म्हणून पाण्याच्या फवाऱ्यात धुवून काढावं लागतं. धुतलं की सिलिकेची साय नळ्यांत साचते आणि कामगारांना ती खरवडत बसावी लागते. त्या आंबट पाण्यात मीठ टाकलं, साधं आगरातलं मीठ, तरी सोडियम सिलिकोफ्लोराइड खाली बसतं आणि ते काच, एनॅमल बनवणाऱ्यांना विकता येतं. सुपरफॉस्फेटवाल्यांनी जगभर हा जोडधंदा केला. शीलचा वायू आणि आगरातलं मीठ असे एका हौदात आले. याच कंपनीचा पुढचा कारखाना धाटावला, म्हणजे कासूहून रोह्याच्याच बाजूला आहे.

मिठाऐवजी अमोनिया टाकला तर? अमोनियम सिलिकोफ्लोराइड. हे मात्र निसर्गानेही बनवलं आहे, आणि तेही भारतात. झरियाच्या कोळसाखाणींत जमिनीखाली आगी धुमसत असतात. कोळशातला नायट्रोजन, दगडातली सिलिका आणि फ्लोरीन त्या उष्णतेत वर येतात आणि भेगांच्या तोंडाशी थंड होऊन पांढऱ्या पापुद्र्यासारखे जमतात. तिथल्या बरारी खाणीवरून त्या खनिजाला बराराइट नाव मिळालं. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या तोंडाशी त्याचंच जुळं भावंड सापडलेलं आहे. काटेकोर रसायनशास्त्रज्ञ इथे हरकत घेईल की बराराइटात नायट्रोजन सिलिकॉनला चिकटलेला नाही, अमोनियम होऊन तो अंगणात उभा आहे. हरकत बरोबर आहे. तिघं एका वाड्यात आहेत एवढंच.

नायट्रोजन खरोखर सिलिकॉनला टेकतो अशी उदाहरणं औषधांच्या धंद्यात रोजची आहेत. प्रतिजैविकांचा रेणू घडवताना त्याची एक बाजू झाकून ठेवावी लागते आणि झाकण म्हणून सिलिकॉनचं क्लोराइड वापरतात. ते नुसतं वापरलं तर काम रेंगाळतं. सोबत नायट्रोजनवाला पदार्थ लागतो. १९७२ मध्ये अमेरिकेत कोरी आणि वेंकटेश्वर्लू या दोघांनी इमिडॅझोल वापरून हे झाकण बसवायची जी रीत दिली, ती आज प्रयोगशाळेतल्या नवख्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. इमिडॅझोलचा नायट्रोजन सिलिकॉनला येऊन धरतो आणि क्लोरीनला सुटायला भाग पाडतो. सौर पट्ट्यांसाठी लागणारं शुद्ध सिलिकॉनही गारेपासून थेट निघत नाही, मध्ये बहुतेक वेळा ट्रायक्लोरोसिलेन हा क्लोराइडचा मुक्काम करावा लागतो. त्यापासून सिलेन वायू काढायच्या एका रीतीत पुन्हा अमिनांची मदत घेतात.

पुण्याला पाषाणच्या रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० पासूनची. शाक्य सेन यांचा गट तिथे सिलिकॉनवर काम करतो, आणि या लेखाचा विषय महाराष्ट्रात अगदी नेमका कुठे सापडतो असं विचारलं तर बोट तिथे दाखवावं लागेल. गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या ग्योटिंगेनला. हर्बर्ट रोस्की यांच्या प्रयोगशाळेत २००६ मध्ये एक विलक्षण रेणू तयार झाला: एका सिलिकॉनला दोन बाजूंनी चिमट्यासारखं धरून ठेवणारे दोन नायट्रोजन, एक क्लोरीन आणि उरलेल्या जागी सिलिकॉनची स्वतःची इलेक्ट्रॉनांची सुटी जोडी. इतकी वर्षं पाहुण्याकडून जोडी घेणारा सिलिकॉन इथे स्वतःच देणारा झाला. अडचण एवढीच की हाती माल यायचा जेमतेम १० टक्के. सेन तेव्हा त्याच प्रयोगशाळेत होते. २०१० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी क्लोरीन काढून घ्यायला वेगळा पदार्थ वापरला आणि उतारा ९० टक्क्यांवर नेला. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांना हा रेणू चमच्याने मोजण्याइतका मिळू लागला. पुण्यात त्यांनी मग असे सिलिकॉन फ्लोरीन आणि कार्बनमधली घट्ट गाठ सोडवू शकतात का हे तपासायला घेतलं. धातूंचं काम बिगरधातूकडून करून घेण्याची ही खटपट आहे; प्लॅटिनम, पॅलेडियम महाग, गार मात्र पायाखाली पडलेली.

हे सगळं काम चालतं ते हवाबंद पेटीत. आत आर्गॉन किंवा नायट्रोजन भरलेला, बाहेरून रबरी हातमोजे घालून हात आत घालायचे, पाण्याचा अंश दहा लाखांत एखादाच भाग असेल इतपत कोरडेपणा राखायचा. कारण या संयुगांचा वैरी एकच, ओल.

अशी एखादी कुपी आषाढात कासूच्या फलाटावर उघडली तर काय होईल हे सांगायला प्रयोग करायची गरज नाही. सिलिकॉन टेट्राक्लोराइड असेल तर बूच निघताक्षणी धूर सुटेल, नाकाला आम्लाचा झटका बसेल आणि क्लोरीन पाण्यातला हायड्रोजन घेऊन वाऱ्याबरोबर निघून जाईल. पिरिडीन असेल तर त्याचा सडक्या मासळीसारखा वास तेवढा थोडा वेळ रेंगाळेल. कुपीच्या तोंडाशी साचेल ती पांढरी, बोटाला खरखरीत लागणारी पूड. समोरच्या खाचरात उभं असलेलं भाताचं रोप त्याच वेळी तीच पूड, मातीतून कणाकणाने, आपल्या पात्यांत भरत असेल.